रिलीव्हर न आलेली शिफ्ट: रिटायरमेंटनंतरची एक ओटी केस

रिटायरमेंट जमत नाहीये म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे आलोय, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. ऑक्युपेशनल थेरपी, आमच्या भाषेत ओटी, म्हणजे माणसाला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिलेली थेरपी. लोक येतात ते मनगट, खांदा, कंबर नाहीतर झोप घेऊन, आणि मग तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळतं की हात दुखतोय हे खरंय, पण त्या हाताला दिवसभर करायला काही उरलेलंच नाही. ही तशातलीच एक केस. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, दोन-तीन जणांच्या गोष्टी एकात मिसळल्यात, आकडेही त्या मिसळलेल्या माणसाचेच समजा. नाव द्यायचं नाही म्हणून नुसतं काका म्हणते. समोरही मी त्यांना काकाच म्हणायचे, आणि ते मला पहिल्या दिवसापासून मॅडम, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही.

काका ६१ वर्षांचे. पाणी शुद्धीकरण प्लांटवर ३४ वर्षं नोकरी, त्यातली शेवटची १५ शिफ्ट इन्चार्ज म्हणून. फिरती पाळी, म्हणजे एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार, एक आठवडा रात्र, आणि असं ३४ वर्षं. रिटायर झाल्यावर तिसऱ्या महिन्यात जिन्यावरून पडले, उजव्या मनगटाजवळचं हाड मोडलं, ६ आठवडे प्लास्टर, ते निघाल्यावर आमच्याकडे पाठवलं. रेफरलच्या चिठ्ठीत पडले एवढंच होतं. कसे पडले हे मी विचारलं तेव्हा काका गप्प, काकूच म्हणाल्या, रात्री अडीच वाजता गच्चीवर टाकीची लेव्हल बघायला निघाले होते. मी तेव्हा फक्त ‘रात्री जिन्यात लाइट नसणार’ असं लिहून घेतलं. अडीच वाजता हा माणूस जागा का होता हे विचारलंच नाही. चूक नंबर एक.

हाताचं म्हणाल तर सुरुवातीला उजव्या हाताची पकड ११ किलो, डाव्याची ३२. मनगट वळत नव्हतं, तळहात वर करून त्यात नाणी घेणं जमत नव्हतं. व्यायाम शिकवले, दिवसातून ५ वेळा १०-१० मिनिटं करा म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांनी पकड १३. काका, व्यायाम करता ना? ‘करतो की.’ मागं बसलेल्या काकूंची मान आडवी हलली. माझा पहिला विचार तोच, जो कुठल्याही थेरपिस्टचा असतो, पेशंट आळशी आहे. पण ३४ वर्षं दर तासाला रीडिंग घेणारा माणूस आळशी कसा असेल? मग लक्षात आलं की ‘दिवसातून ५ वेळा’ हे ज्याच्या दिवसाला आकार आहे त्याला सांगायचं वाक्य आहे. नाश्त्यानंतर, ऑफिसला निघण्याआधी, आल्यावर, असं कशाला तरी अडकवावं लागतं ना ते. दिवसाला खुंटीच नसेल तर अडकवणार कुठं.

मग मनगट जरा बाजूला ठेवलं आणि दिवसाची तपासणी सुरू केली. आमच्यात एक साधी प्रश्नावली आहे, १९८६ मधली, दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करायचे आणि प्रत्येकापुढे लिहायचं की काय केलं, ते काम होतं की रोजचा व्यवहार की करमणूक की विश्रांती, किती चांगलं जमलं, किती महत्त्वाचं वाटलं आणि किती आवडलं. काकांनी ती अशी भरून आणली की मी बघतच बसले. २४ तासांचं घड्याळ, पट्टीनं आखलेल्या रेघा, खाडाखोड असेल तिथं शॉर्ट सही, आणि खाली ‘तपासून बरोबर आढळले’. पण ‘किती आवडलं’चा अख्खा कॉलम रिकामा. विचारलं तर म्हणाले, ‘हे लागू नाही मॅडम.’

त्या दोन आठवड्यांच्या कागदात तीन गोष्टी होत्या. एक, झोप सरकत होती. पहिल्या आठवड्यात रात्री १० ला झोपलेत, दुसऱ्यात पहाटे ३ ला. रिटायर होऊन पाच महिने झाले तरी शरीर पाळी बदलत होतं, आणि अडीचचं उत्तर तिथं होतं. दोन, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी दिवसातून चार वेळा, घरच्या किटनं. बरं, नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन उरलेला असावा हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, तेव्हा कामात चूक काहीच नाही, फक्त ते रीडिंग घेऊन द्यायचं कुणाला हा प्रश्न होता. तीन, ‘किचन निरीक्षण’ या नावाखाली रोजचा दीड तास. यावर काकूंना स्वतंत्र वेळ द्यावा लागला. काकांनी सगळ्या डब्यांना नंबर दिले होते, गॅस किती चालतो याचं रजिस्टर घातलं होतं, आणि काकू स्वयंपाक करत असताना मागं उभं राहून सूचना. काकू म्हणाल्या, ‘माझीही ३४ वर्षांची ड्यूटीच आहे की, ती यांनी चार्ज न घेताच टेकओव्हर केली.’ हसू आलं मला, पण त्यांना रडू येत होतं.

इथं थोडं थांबून सांगते, कारण ‘रिटायरमेंट म्हणजे आरामच की, त्यात काय आजार’ असं घरचेही म्हणतात. होम्स आणि राही यांची १९६७ ची आयुष्यातल्या उलथापालथींच्या गुणांची यादी आहे, जोडीदाराचा मृत्यू १०० गुण, मग उतरत उतरत पुढं. त्यात नोकरीवरून काढून टाकणं ४७ आणि रिटायरमेंट ४५. फक्त २ गुणांचा फरक! यादी जुनी आहे, सरसकट सगळ्यांना लावू नये, तरी हारतुरे घालून निरोप दिला आणि हाकलून दिलं यात इतकंच अंतर लोकांना वाटलं हे विसरू नये. आणि अ‍ॅचली नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये रिटायरमेंटचे टप्पे मांडले त्यात आधी हनिमून आहे आणि मग भ्रमनिरास. सगळे लोक या टप्प्यांनी जात नाहीत. काकांचा हनिमून काकूंच्या मते नऊ दिवस चालला.

बाकीची तपासणी पटकन सांगते. भूमिकांची एक यादी असते, दहा भूमिका, कामगार, मित्र, घर सांभाळणारा, स्वयंसेवक, छंद जोपासणारा वगैरे, प्रत्येकीपुढे पूर्वी होती का, आता आहे का, पुढं हवी का अशी खूण करायची. काकांच्या ‘पूर्वी’मध्ये चार खुणा, ‘आता’मध्ये एक, ‘पुढं’मध्ये एकही नाही. वयस्कांच्या डिप्रेशनची १५ प्रश्नांची चाचणी घेतली, ६ गुण आले. ५ च्या वर गेलं की नीट तपासायला हवं, म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी तूर्त गोळ्या नकोत, लक्ष ठेवू म्हणाले. हे मी मुद्दाम लिहितेय. ओटीनं सगळं स्वतःच्याच पदराला बांधून घ्यायचं नसतं.

आता माझी मोठी चूक. मी छंद दिला. हो, तोच तो सल्ला, जो त्यांना निरोप समारंभापासून प्रत्येकानं दिला होता, मन रमवा, चार लोकांत मिसळा. माझं फक्त ऑफिशियल होतं, फॉर्मवर. सकाळचा फिरण्याचा ग्रुप आणि कुंड्या. कुंड्या महिनाभर टिकल्या, प्रत्येक कुंडीला पाणी मोजून मिलिलिटरमध्ये, मग एक दिवस सगळ्या शेजारी देऊन टाकल्या. ग्रुप चौथ्या दिवशीच सुटला. ‘ते लोक फालतू बोलतात.’ मी मान्यही केलं, स्वभाव असतो एकेकाचा. तो स्वभाव नव्हता. पंधरा दिवसांनी मी त्यांच्या डाव्या बाजूनं, पाठ वळवून काहीतरी विचारलं आणि त्यांनी भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. ३४ वर्षं पंप हाऊसचा आवाज! आवाजानं कान जातो तेव्हा आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे बारीक सूर जातात, स, फ, थ यांसारखी अक्षरं निसटतात, माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, आणि चालत्या घोळक्यात तर नाहीच. तपासणीत दोन्ही कानांना तसंच निघालं. फालतू बोलतात म्हणजे काय बोलतात ते ऐकूच येत नव्हतं. मी रस शोधत होते आणि अडचण कानात होती.

खरं तर मला हे आधीच माहीत असायला हवं होतं. १९९७ मध्ये अमेरिकेत फ्लॉरेन्स क्लार्क यांच्या टीमचा अभ्यास आला, ६० च्या पुढची, स्वतंत्र राहणारी ३६१ माणसं. एका गटाला ९ महिने ऑक्युपेशनल थेरपी, एका गटाला नुसते सामूहिक कार्यक्रम, खेळ, सहली, गप्पा, आणि तिसऱ्याला काहीच नाही. थेरपीवाल्यांना फायदा झाला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं, की नुसत्या कार्यक्रमवाल्यांची अवस्था आणि काहीच न मिळालेल्यांची अवस्था साधारण सारखीच निघाली. म्हणजे माणसाला बिझी ठेवणं ही थेरपी नव्हे. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते हो, आणि काकांना कुंड्या दिल्या.

दुसरी फेरी एका प्रश्नापासून सुरू झाली. मी विचारलं, काका, प्लांटवरच्या दिवसातला सगळ्यात चांगला वेळ कुठला? मला वाटलं म्हणतील जार टेस्ट, कारण तिच्याबद्दल ते तासभर बोलू शकतात, सहा बीकर, प्रत्येकात तुरटीचा वेगळा डोस, आधी जोरात मग हळू ढवळायचं आणि कुठल्या बीकरात गाळ छान बसतो ते बघायचं. किंवा म्हणतील की अख्ख्या शहराला पाणी देतोय ही भावना. काहीच नाही त्यातलं. म्हणाले, ‘चार्ज देताना.’ रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, येतो, दहा मिनिटं त्याच्याबरोबर लॉगबुक बघायचं, टाक्यांची लेव्हल, डोस किती चालू आहे, कुठल्या फिल्टरचं बॅकवॉश बाकी आहे, तीन नंबरच्या पंपाची ग्लँड गळतेय लक्ष ठेव, तो सही करतो, आपण हात-तोंड धुवायचं आणि निघायचं. ‘मग घरी जाईपर्यंत डोकं एकदम रिकामं. आता ते रिकामं होतच नाही मॅडम. भरलेलंच नसतं ना काही.’

ही केस मला कळली ती या वाक्यानं. आम्ही सगळे, घरचे, मी, निरोप समारंभातले वक्ते, धरून चाललो होतो की काकांचं काम गेलंय आणि आरामाचा नुसता ढीग पडलाय, आणि त्या ढिगाचं काय करायचं हा प्रश्न आहे. खरं तर त्यांचा आरामच गेला होता. ड्यूटी नाही तर ऑफही नाही. रिलीव्हर येतच नाही अशी एक न संपणारी शिफ्ट सुरू होती, म्हणून तर क्लोरीन, किचन, रात्रीची टाकी. अधिकार गाजवायची सवय वगैरे जे काकू म्हणायच्या तेही थोडं असेल, पण थोडंच.

आमच्या क्षेत्रात हे नवीन नाही. अडॉल्फ मेयर यांनी १९२२ मध्येच लिहिलं होतं की काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांचा ताल माणसाला सांभाळावा लागतो, एकाला ओढलं की बाकीचे सरकतात. आणि स्वीडनचे हान्स यॉन्सन यांनी तर ६३ वर्षांच्या नोकरी करणाऱ्या माणसांशी बोलायला सुरुवात केली आणि त्यांच्या रिटायरमेंटनंतरही त्यांच्या मागावर राहिले, १९९७ पासून त्यांचे लेख यायला लागले. त्यांना दिसलेली गंमत हीच, की काम असताना ज्या निवांतपणाची लोक वाट बघतात तो काम गेल्यावर त्याच चवीचा राहत नाही, कारण त्याची चव कामामुळे होती. ज्यांचं बरं चाललं होतं त्यांच्याकडे काहीतरी एक असं होतं ज्यात जीव ओतलेला, नियमित, थोडी जबाबदारी असलेलं, आणि तेच करणारी आणखी माणसं आसपास. पगार असो-नसो. कुंड्यांमध्ये यातलं फक्त नियमित होतं.

मग कॅनडाची जी १ ते १० गुणांची मुलाखत-पद्धत आहे, ज्यात पेशंट स्वतःच अडचणी निवडतो आणि आपल्याला किती जमतंय आणि किती समाधान आहे याचे गुण देतो, ती काकांची घेतली आणि काकूंचीही वेगळी घेतली. काकूंचा रेफरल नव्हता, पण घर दोघांचं आहे. काकांची पहिली अडचण, ‘दिवस संपत नाही’, जमण्याला ३, समाधानाला २. दुसरी झोप. तिसरी उजव्या हातानं स्क्रू ड्रायव्हर धरणं. काकूंची एकच, ‘सकाळी दोन तास घर रिकामं हवं’.

प्लॅन काय केला तर शिफ्ट लावली. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी ८ ते ११. काम शोधायला वेळ गेला. बिल्डिंगच्या कमिटीशी काकांचं पंपावरून आधीच भांडण झालेलं, तो रस्ता बंद. शाळेत मुलांना जार टेस्ट दाखवायची, ते एकदाच झालं, मुलांना मजा आली पण काकांना नाही, ‘चार्ज कुणी घेतच नाही’. शेवटी आमच्याच हॉस्पिटलचं स्टोअर मिळालं, जिथं पेशंटना वापरायला दिलेल्या व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या परत येतात आणि तशाच ढिगात पडतात. ब्रेक लागतो का, कुबडीखालचं रबर झिजलंय का, वॉकरचे चारही पाय सारख्या उंचीला आहेत का, स्क्रू ढिले आहेत का, हे बघून, दुरुस्त होईल ते करून, रजिस्टरला लिहून ११ वाजता स्टोअरकीपरला द्यायचं आणि तिची सही घ्यायची. ती सही महत्त्वाची. स्टोअरकीपरला आधी तो निव्वळ उपद्व्याप वाटला, तिला बसवून समजावलं. आणि मनगटासाठी याहून चांगला व्यायाम मला लिहून देता आला नसता, स्क्रू ड्रायव्हर फिरवणं म्हणजे तळहात वर-खाली करण्याचीच हालचाल, आधी जाड मुठीचा, मग नेहमीचा, मग पाना. ५ वेळा १०-१० मिनिटं कुणी मोजली नाहीत परत.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहिली. हे फुकटचं काम आहे, आणि थेरपीच्या नावाखाली हॉस्पिटलला एक बिनपगारी मेकॅनिक मिळाला असं होऊ शकतं. म्हणून तीन दिवस, तीन तास, ही हद्द लेखी ठरवली आणि काकांना वाटेल तेव्हा सोडता येईल हेही. दुसऱ्याच महिन्यात ‘रोज या ना’ असा निरोप गेला होताच. मी नको म्हणाले. काकांना राग आला माझा.

घरात थोडे बदल. टाकीला लेव्हल दाखवणारा इंडिकेटर खाली बसवला म्हणजे रात्री गच्चीवर जायचं कारणच नाही, जिन्याला कठडा आणि लाइट. उठायची वेळ सातही दिवस ६, पाळी कुठलीही आठवो, आणि उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात. किचन काकूंचं, त्यावर चर्चा नाही. बिलं भरणं आणि वॉशिंग मशीन काकांचं. क्लोरीन दिवसातून एकदा, तेही मी बंद करायला सांगितलं नाही, का सांगू? रीडिंग आता बिल्डिंगच्या बोर्डवर लागतं, कमिटीशी त्यावरूनच बोलणं सुरू झालं म्हणे.

१२ आठवड्यांनी उजव्या हाताची पकड २४ किलो. ‘दिवस संपत नाही’ला जमण्यात ३ वरून ६, समाधानात २ वरून ६, या पद्धतीत २ गुणांची वाढ झाली तरी ती खरी सुधारणा धरतात. झोपेत मात्र फक्त १ गुण, म्हणजे काहीच नाही म्हणा ना. ३४ वर्षांचं देणं १२ आठवड्यांत फिटत नाही असं काका म्हणाले. डिप्रेशनच्या चाचणीत ६ चे ३. कानाचं मशीन घेतलं, स्टोअरमध्ये घालतात, घरी काढून ठेवतात, आणि काकूंचं म्हणणं आहे की ते मुद्दाम.

आता उलटं बघितलं तर हे सगळं रिटायर व्हायच्या वर्षभर आधी व्हायला हवं होतं. काकांना नोकरीत असताना एक दिवसाचं ट्रेनिंग मिळालं होतं, त्यात पेन्शनचे फॉर्म, गुंतवणूक, आणि शेवटी अर्धा तास सकारात्मक विचार. मला तोच अर्धा तास मिळाला तर मी अर्ध्या-अर्ध्या तासाचा तो कागद वाटेन, नोकरी चालू असतानाच भरायला, म्हणजे कामात नेमकं काय आवडतं हे माणसाला ते जायच्या आत कळेल. ‘चार्ज देणं’ हे उत्तर काकांना स्वतःलाही माहीत नव्हतं, विचारेपर्यंत. आणि मोठी सुट्टी शिल्लक असेल तर दोन आठवडे घरी बसून बघा म्हणेन, कुठं न जाता, कसं वाटतं ते. कान तपासा. घरच्या माणसाला विचारा की तुम्ही दिवसभर घरी असलात तर त्यांच्या कुठल्या वेळेवर गदा येईल. आमच्याकडे लोक पोचतात तेच पडल्यावर, त्याला मीही एकटी काय करणार, रेफरल लिहिणाऱ्यांच्या डोक्यात ओटी म्हणजे हाताचे व्यायाम एवढंच बसलंय.

नऊ महिन्यांनी फॉलोअपसाठी बोलावलं, मंगळवारी. काकांचा फोन आला, ‘मंगळवारी माझा ऑफ असतो मॅडम, त्या दिवशी नको.’ बुधवारी ११ नंतर आले, स्टोअरमधूनच, हाताला ग्रीसचा वास. मनगट शेवटचे १० अंश अजून वळत नाही आणि आता वळेल असं मला वाटत नाही, तसं सांगितलंही. शिडीवर चढायला काकूंची बंदी कायम आहे. स्टोअरकीपरची बदली होणार असं कानावर आलंय, नवीन येईल ती सही करेल का हे अजून ठरलेलं नाही, त्यासाठी पुढच्या महिन्यात परत भेटायचंय.